गारठलेलं इंजिन

“तापली? … माझी गाडी?”

भैरू मिस्त्रीनं दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि छाती पुढं काढली.

“उस्ताद, आख्ख्या आजरा तालुक्यात जाऊन इचारा. असलं थंड इंजिन कुणाच्या बापानं राखलं न्हाई. ताप दावणारा काटा कधी तळ सोडून वर आला असंल, तर मिशी उतरवतो!”

मागं गाडीच्या नळीतून निळ्या धुराचा भपका निघाला. इंजिन म्हाताऱ्यासारखं खोकलं आणि बंद पडलं.

भैरूनं वळून पाहिलं. छाती आपसूक जागेवर गेली.

“आता चालत न्हाई, ती गोष्ट येगळी,” तो म्हणाला.

दगडावर बसून दस्तगीर उस्ताद बशीतला काळा चहा फुंकत राहिले.

सातोळी घाट माथ्यावरून उतरायला लागला की पहिल्याच वळणावर एक झरा आहे. झऱ्याजवळ पत्र्याची खोप, आणि खोपीत उस्ताद. एके काळी कोल्हापुरात त्यांचं मोठं गॅरेज होतं. संस्थानिकांच्या गाड्या दारात उभ्या असायच्या. डोळे अधू झाले तसं सगळं पुतण्यांच्या गळ्यात घालून ते इथं येऊन बसले. कोकणातून उकळत वर आलेल्या ट्रकांना ते पाणी देतात आणि ड्रायव्हरांना शिव्या. दोन्ही फुकट. कुणी साधुपुरुष समजून पाया पडायला वाकलंच, तर त्याच्या मानेवर गार पाण्याची ओंजळ सोडतात आणि म्हणतात, “घे, आशीर्वाद.”

भैरू त्यांचा शागीर्द. त्यांच्या हाताखाली तो शिकला. शिकला म्हणजे पाने-पकडी उचलून द्यायला शिकला. बाकीचं सगळं आपल्याला आधीच येतंय, असं त्याला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

धुकं असं दाटलं होतं की गाडीचं नाक दिसत होतं तर शेपूट दिसत नव्हतं. सकाळ झाली होती, पण तिला कुणी तसं सांगितलेलं नसावं.

“कोण तू?” उस्तादांनी विचारलं.

“मी भैरू, उस्ताद! भैरू रेडेकर. वळखला न्हाई?”

“भैऱ्या न्हवंस तू. भैऱ्या मला शिकवायचा. तू तर इचारायला आलायस.”

भैरू मोठ्यानं हसला. एकटाच.

…

गाडी जुनी. भैरूच्या बापाच्या जन्माच्या सुमाराला विलायतेहून बोटीनं आलेली. कुठल्याशा जहागीरदाराच्या गोठ्यात म्हशींच्या शेजारी गंजत पडलेली भैरूनं ओढून आणली, हिरवा रंग दिला, चांदीसारखी चकचकीत कड लावली. तेव्हापासून आसपासच्या गावांत नवरानवरीची वरात निघायची ती याच गाडीतून.

आता वरात म्हणजे काय? पुढं बँड, बँडच्या पुढं नाचणारी पोरं, आणि त्यांच्या मागं मुंगीच्या पावलानं गाडी. इंजिन चालू, पण वारा नाही. जुन्या इंजिनाला याच्याइतकी वाईट शिक्षा नसते.

एका वरातीत ते उकळलं. भर चौकात. बॉनेटमधून वाफेचा असा फवारा उडाला, की नवरदेव खाली उडी मारून पळाला आणि त्याचा फेटा गाडीतच राहिला. बँडवाल्यांत एक क्लॅरनेटवाला होता, जातिवंत वात्रट. त्यानं लगेच रेलगाडीची शिट्टी वाजवली. आख्खा चौक पोट धरून हसला. बायका खिडक्यांतून हसल्या. भटजीसुद्धा हसले.

ते हसू भैरूच्या कानातून गेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं इंजिनातला एक भाग उपटून काढला. मग मोठा पंखा बसवला. आणि शपथ घेतली, की आता ही गाडी तापणार नाही. म्हणजे नाहीच.

…

उस्ताद उठले. गुडघे कुरकुरले, त्यांनाही त्यांनी एक शिवी दिली. बॉनेट उघडलं.

मग भैरूचं मनगट धरलं आणि त्याचा पंजा सरळ इंजिनाच्या डोक्यावर दाबला.

भैरूनं डोळे मिटले. चटका बसायची वाट पाहिली …

बसला नाही. कोमट होतं. अंघोळीचं पाणी तरी याहून कढत असतं.

“कुठनं आलास?”

“आजऱ्यासनं.”

“रस्ता कसा?”

“सगळा चढ, उस्ताद. माथ्यापस्तोर नुसता चढ. जीव काढला तिनं.”

“आन् तू हात ठेवून उभा हाईस.”

“तेच तर म्हणतोय!” भैरूला पुन्हा हुरूप आला. “थंड!”

उस्तादांनी मनगट सोडलं नाही.

“चुलीवर भात ठिवला, लाकडं जाळली, आन् भांडं गारच राहिलं. तर काय म्हणशील? चूल लई गुणाची?”

भैरू पंख्याकडं बघत राहिला.

“पाण्याच्या वाटेवर एक पितळी डबी आसती,” उस्ताद म्हणाले. “पाणी गार हाय तवर दार लावून धरती. तापलं की उघडती. ती कुठाय?”

“काढली.”

“का?”

“सगळेच काढत्यात, उस्ताद. आपल्या मुलखात काय करायची ती? ती साहेबाच्या थंड मुलखाची भानगड. दार उघडं टाकलं की पाणी फिरत ऱ्हातं, इंजिन गार ऱ्हातं. साधा हिशेब.”

“आन् डबी?”

“देवापुढं हाय.” भैरू जरा घुटमळला. “उदबत्त्या खोचतो तिच्यात.”

“म्हंजे पुजतोस.”

“व्हय.”

“बरं केलंस. जे वापरायचं न्हाई ते पुजावं. गावोगाव हीच रीत हाय.”

त्यांनी ऑइलचं झाकण काढलं, वास घेतला, तोंड वाकडं केलं. झाकणाच्या आत बोट फिरवलं. बोटाला काळं तेल लागलं नाही. पिवळट, पांढरट, चिकट असं काहीतरी आलं. ताकावर लोणी धरावं तसं.

ते त्यांनी भैरूच्या तळहाताला पुसलं.

“घे. प्रसाद.”

भैरू त्या लोण्याकडं बघत राहिला. एवढं तरी तो शिकला होता. त्याचा चेहरा उतरला.

“पाणी शिरलं? … पण उस्ताद, कुठनं? सगळं घट्ट हाय. मी सोता बघितलंय.”

“भाईरनं कशाला शिरंल? आतच दव धरतंय. इंजिन तापलं आसतं तर उडून गेलं आसतं. तापलं न्हाई … मुरलं. वरनं पेट्रोल पुरतं जळत न्हाई, ते गळून तेल धुऊन काढतंय. लोखंडावर लोखंड घासतंय. किती वर्सं?”

“लई वर्सं.”

“रोज थोडं थोडं,” उस्ताद म्हणाले. “आवाज न करता.”

धुकं बॉनेटच्या आत शिरत होतं. दोघंही वाकून बघत होते, जसं विहिरीत काही पडल्यावर बघतात.

…

“मागं कोण बसलंय?”

उस्तादांच्या डोळ्यांना पाच पावलांवरचा माणूस दिसत नाही, असं लोक म्हणतात. लोक काहीही म्हणतात.

“शालन,” भैरू म्हणाला. “माझी पोरगी. घाटाखाली दिलीया. आली हुती … आता पोचवायला चाललोय.”

“कशाला आली हुती?”

“आशीच.”

उस्तादांनी मान वळवली.

“भांड्याला भांडं लागतंय, उस्ताद. संसार म्हटला की …”

उस्तादांनी किटलीतून ग्लासभर चहा ओतला. चाचपडत मागच्या दाराशी गेले. काचेवर टिचकी मारली.

काच खाली आली. आतून डावा हात बाहेर आला आणि त्यानं ग्लास घेतला. उजवा हात मांडीवर होता, पदराखाली. पदर सरकला तेव्हा दिसलं, की त्याला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली होती आणि त्यातून बाहेर आलेली बोटं वांग्याच्या रंगाची झाली होती.

“उजव्या हाताला काय झालं, बाळ?”

“दारात सापडला,” भैरू घाईनं म्हणाला.

“तिला इचारलं.”

शालन चहाकडं बघत राहिली. चहाची वाफ तिच्या तोंडाला लागत होती.

“दारात धरला, चाचा,” ती म्हणाली. “मग दार लावलं.”

झऱ्याचं पाणी दगडावरून पडत होतं.

भैरूला तो आवाज सोसला नाही.

“मी गेलो हुतो की! आयकलं तसा गेलो. आन् सांगतो, उस्ताद, आवाज चढवला न्हाई. जावयाच्या ओट्यावर बसलो. च्या घेतला. चार दिस म्हायेराला नेतो म्हणालो, आन् घिऊन आलो. डोकं बर्फ! दुसरा कुणी बाप आसता तर तितंच …”

“तितंच काय?”

“तमाशा झाला आसता. गाव गोळा झालं आसतं.”

“हसलं आसतं,” शालन आतून म्हणाली.

तिनं हे काही टोचून म्हटलं नाही. बाजारात आज वांगी आहेत, असं सांगावं तसं म्हटलं. भैरूला मात्र क्लॅरनेटची ती शिट्टी कानाच्या अगदी आत ऐकू आली.

“आप्पा मला कवा रागं भरलं न्हाईत, चाचा,” ती पुढं म्हणाली. “कुणालाच न्हाई. आमच्या घरात सगळं गार आसतंय.”

उस्तादांनी दाराच्या कडेवरून हात फिरवला. हिरवा रंग, चकचकीत कड.

“झॅक रंगवलीस रं, भैऱ्या,” ते म्हणाले.

…

खोपीतून त्यांनी एक गोणपाट आणलं. मिठाचं असावं, त्याला समुद्राचा वास होता. ते त्यांनी गाडीच्या तोंडावर, रेडिएटरच्या जाळीपुढं धरलं आणि सुतळीनं बांधायला लागले.

“हे काय करताय?”

“बुरखा घालतोय.”

“उस्ताद, वारा कोंडंल! जीव जाईल तिचा!”

“चालू कर.”

“पण …”

“माझ्या हाताखाली शिकलास म्हणून सांगत फिरतोस ना? मग आज तरी माझं नाव राख. चालू कर.”

भैरू आत बसला. इंजिन चारदा कण्हलं, मग धरलं. खडखड, धूर, पुन्हा खडखड. उस्ताद बॉनेटला कान लावून उभे राहिले, देवळात कौल घ्यायला उभं राहावं तसे. मग येऊन भैरूच्या खिडकीशी टेकले.

भैरू काट्याकडं बघत होता.

काटा तळाशी होता. कितीतरी वर्षं तो तिथंच झोपला होता. भैरूला तर वाटायचं, आता तो चिकटला असणार.

मग काटा हलला.

भैरूच्या मानेवर घाम आला. काटा आणखी सरकला. धुकं, गारठा, अंगात स्वेटर, आणि तरी त्याचा सदरा पाठीला चिकटला. त्याचा हात किल्लीकडं गेला.

वरून उस्तादांनी तो हात धरला. म्हाताऱ्याच्या पंजात अजून कोल्हापूर होतं.

“सोडा, उस्ताद! उकळंल!”

“उकळायला लई वाट हाय अजून.”

“बघा की, वर चाललाय!”

“जाऊ दे.”

“सगळं फुटंल …”

“तापणं येगळं. उकळणं येगळं. मधी लई जागा आसती, भैऱ्या. इंजिनानं तितंच ऱ्हायाचं आसतं. तू त्याला दारातसुदीक जाऊ दिलं न्हाईस.”

काटा मध्यावर आला. तिथं थोडा थरथरला.

आणि आवाज बदलला.

खडखड गेली नाही, पण तिची धार बोथट झाली. इंजिनाला कुठंतरी पाय टेकायला जागा सापडल्यासारखं झालं. धूर विरळ झाला. गाडीचा पत्रा, जो सारखा दात वाजल्यासारखा वाजायचा, तो गप्प झाला.

“आप्पा,” मागून आवाज आला.

भैरू वळला नाही.

“पायाला ऊब यायला लागली.”

त्या सीटवर किती नवऱ्या बसून गेल्या असतील … शालू, मुंडावळ्या, हातभर चुडा. थंडीच्या लग्नात पाय वर घेऊन बसायच्या. भैरू म्हणायचा, लाजतीया. चार वर्षांमागं शालनही तशीच बसली होती.

त्यानं खिडकीबाहेर तोंड काढलं.

“वाचंल का, उस्ताद?”

उस्तादांनी हात सोडला.

“झिजलं ते झिजलं. ते भरून येत न्हाई. ऱ्हायलंय ते …”

त्यांनी वाक्य तसंच धुक्यात सोडून दिलं आणि किटली उचलायला गेले.

…

भैरू खाली उतरला. गाडीभोवती एक फेरी मारली. चाकाला उगाच लाथ मारून पाहिली. मिस्त्री माणसाला विचार करायचा असला की तो चाकाला लाथ मारतो.

वर घाटमाथा. एकच चढ, पण खडा. तो काढला की आजऱ्याचा रस्ता.

खाली वळणामागून वळण. सगळा उतार. आणि शेवटी जावयाचा ओटा.

“चढ काढंल का ही?” त्यानं विचारलं.

“काढंल.”

“नक्की?”

“काढंल. पर तापंल. काटा मधनं वर जाईल. वाफबी धरंल. वरनं येष्टी येत आसंल तर माणसं खिडकीतनं डोकी काढून बघतील.”

“हसतील.”

“हसतील की. मीबी हसंन. माझं काय जातंय?”

शालनचा चहा संपला होता. तिनं रिकामा ग्लास डाव्या हातानं दाराच्या कडेवर ठेवला. काच वर केली नाही. ती बापाकडं बघत नव्हती आणि उस्तादांकडंही बघत नव्हती. तिची नजर समोरच्या सीटच्या पाठीवर होती. ज्याला कुणी काही विचारणार नसतं, ते माणूस जसं बघतं, तशी.

वळणावर जागा होती. गाडी वळवता आली असती.

भैरूनं वर पाहिलं. चढ धुक्यात बुडाला होता, दोन हातांपलीकडं दिसत नव्हता. त्यानं खाली पाहिलं. उतारही तसाच होता.

“निरोप धाडलाय, उस्ताद,” तो म्हणाला. आवाज त्याच्या नेहमीच्या आवाजासारखा होता, शांत. “आज आणून सोडतो म्हणून. सासू वाट बघत आसंल. आन् आता निघालोच हाय तर … पोरगी काय, रुळती. हात बरा हुईल. पुढं बघू. उगा गाडीला तरी कशाला तरास?”

उस्ताद दगडावर बसले होते. बशीत चहा ओतत होते. एक थेंब बाहेर सांडला नाही.

“खाली तर सगळा उतारच हाय,” भैरू म्हणाला. “उतारानं तरी जाईल न्हवं ही?”

“उतारानं मढंबी जातंय, भैऱ्या.”